शोधगंगा भरली, पण मोहल्ल्यात पोहोचली का?

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईतलं गोवंडी, भिवंडी आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव इथे गोवराची साथ पसरली. लहान मुलं तापानं फणफणली, मुंबईत काही मुलं दगावली. या आजारावरची लस जगात १९६३ पासून आहे. आपल्या देशात १९८५ पासून ती सरकारी लसीकरण कार्यक्रमात मोफत मिळते. म्हणजे शास्त्रज्ञांचं काम कधीच पूर्ण झालं होतं. तरीही साथ आली. कोविडच्या काळात नेहमीचं लसीकरण मागे पडलं, वस्त्यांमध्ये दवाखाने अपुरे आहेत, ही कारणं खरीच आहेत. पण त्यांच्या जोडीला आणखी एक कारण होतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. जे ज्ञान प्रयोगशाळेत आणि विद्यापीठात तयार झालं, ते त्या मुलाच्या आईपर्यंत तिला कळेल अशा शब्दांत गेलंच नाही.

साधी गोष्ट घ्या. सरकारी पोस्टरवर 'गोवर-रुबेला' असं छापलेलं असतं. मालेगावातल्या कितीतरी घरांत या आजाराला 'खसरा' म्हणतात. लस टोचल्यावर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, हे आधी कुणी सांगत नाही. मग ताप आला की 'सुई से बच्चा बीमार पड गया' ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर होते. अफवेला पाय फुटतात आणि संशोधन मात्र कपाटात बसून राहतं.

हा लेख त्या कपाटाबद्दल आहे. संशोधकांचं काम सामान्य माणसापर्यंत कसं न्यायचं, त्यासाठी त्यांना मदत कशी करायची आणि आपल्यासारख्या समाजाला त्याची गरज इतरांपेक्षा जास्त का आहे, हे आम्ही इथे मांडणार आहोत.

दोन विद्यापीठांचं शहर

नाशिकची ओळख द्राक्षांचं आणि कुंभमेळ्याचं शहर अशी सांगितली जाते. पण हे दोन राज्यव्यापी विद्यापीठांचं शहरही आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९८ मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, दोन्हींची मुख्यालयं इथेच आहेत. राज्यातल्या ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि युनानी महाविद्यालयांचा कारभार आरोग्य विद्यापीठाकडे येतो. एमडी करणारा प्रत्येक विद्यार्थी प्रबंध लिहितो. त्यातले कितीतरी प्रबंध आपल्याच दवाखान्यातल्या पेशंटवर आणि आपल्याच वस्त्यांवर असतात.

हे प्रबंध पुढे कुठे जातात? पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा' नावाच्या राष्ट्रीय संग्रहात ठेवले जातात. तिथे आज पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत, कुणालाही ते फुकट वाचता येतात. सोय उत्तमच आहे. पण वाचतं कोण? भाषा इंग्रजी, तीही परीक्षकासाठी लिहिलेली, वर तीनशे पानं. ज्या यंत्रमाग कामगाराच्या खोकल्यावर प्रबंध लिहिला, त्याला त्यातलं एक वाक्य उमगणार नाही. मुक्त विद्यापीठाचं ब्रीदवाक्य आहे 'ज्ञानगंगा घरोघरी'. शोधगंगा ते ज्ञानगंगा हे अंतर कापायचं काम मात्र कुणाच्याच नावावर लिहिलेलं नाही.

संशोधक बोलत का नाहीत?

संशोधक घमेंडखोर असतात म्हणून बोलत नाहीत, असा आपला एक समज असतो. आमचा अनुभव तसा नाही. अडचणी वेगळ्याच आहेत.

पहिली अडचण नोकरीची. प्राध्यापकाची बढती मुख्यतः शोधनिबंधांवर ठरते. मोहल्ल्यात जाऊन दोन तास समजावून सांगितलं तर त्याची नोंद फारशी कुठे होत नाही. दुसरी भीतीची. 'अमुक खाल्ल्याने तमुक होण्याची शक्यता दिसते' असं संशोधकाने म्हटलं की दुसऱ्या दिवशी 'अमुक खा, तमुक पळवा' असा मथळा येतो. सहकारी हसतात. एकदा असं झालं की माणूस पत्रकाराचा फोनच उचलत नाही. तिसरी अडचण सवयीची. पाच वर्षं इंग्रजीत वाचलं, इंग्रजीत लिहिलं, आणि घरी अम्मीनं विचारलं, 'बेटा, इतने साल किया क्या?' तर उत्तर सुचत नाही. विषय येत असतो, पण तो घरच्या भाषेत कधी उतरवलेलाच नसतो.

आपल्या समाजातल्या मुलामुलींना ही तिसरी अडचण दुपटीनं जाणवते. घरात दखनी किंवा उर्दू, शाळा उर्दू नाहीतर मराठी, आणि प्रबंध इंग्रजीत. तीन भाषांमध्ये ये-जा करणारी ही मुलं खरं तर सगळ्यात चांगले दुभाषे होऊ शकतात. त्यांना तसं कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

ज्यांनी करून दाखवलं

आपल्या भाषेत विज्ञान सांगता येतं का, या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रात कधीच मिळालेलं आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हेच काम करते. याच परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये 'नारायण विनायक जगताप' नावाच्या कुणी अनोळखी लेखकानं 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. हे जगताप म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून मजकूर पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतला होता. नाव बघून बक्षीस नको, लिखाण बघून द्या, हा त्यामागचा विचार.

नारळीकरांची दुसरी एक सवय आम्हाला फार महत्त्वाची वाटते. मुलं सही मागायला आली की ते म्हणायचे, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून पाठवीन. बघा, इथे शास्त्रज्ञ भाषण देत नाही. तो आधी समोरच्याला प्रश्न विचारायला लावतो. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला झालेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे त्यांना येता आलं नाही. पण कवी-कादंबरीकारांच्या त्या खुर्चीवर एका शास्त्रज्ञाची निवड झाली, तीही आपल्या नाशिकमधल्या संमेलनात, ही छोटी गोष्ट नव्हे. २० मे २०२५ रोजी त्यांचं निधन झालं.

दुसरं नाव डॉ. सलीम अली. पक्षीशास्त्रातलं त्यांचं काम जगानं मान्य केलं, पण त्यांना घरोघरी पोहोचवलं ते १९४१ मध्ये आलेल्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' या पुस्तकानं आणि रेडिओवरच्या त्यांच्या भाषणांनी. १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीम इथे त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धवट घरटं विणतो, माद्या येऊन तपासतात, एखादीला पसंत पडलं की ती ताबा घेते. मग नर ते घरटं पुरं करतो आणि दुसरं विणायला घेतो. वाक्यं साधी, पण त्यामागे कित्येक दिवसांचं निरीक्षण आहे. आज निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणून ओळखलं जातं आणि २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. दुर्बीण घेऊन तिथे जाणारी शाळकरी मुलं अशा पुस्तकांच्या वाटेनेच पक्ष्यांपर्यंत पोहोचली आहेत.

काढा, कोविड आणि खरं बोलणं

सोपं करून सांगणं म्हणजे वाटेल ते सांगणं नव्हे. याचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे.

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत मालेगाव कोविडचं मोठं केंद्र झालं होतं. पुढे रुग्ण कमी झाले आणि मालेगावच्या युनानी काढ्याचं नाव देशभर झालं. नंतरच्या लाटांमध्येही शहरात रुग्ण कमी दिसले. लसीकरणही कमीच होतं. तेव्हा असं का झालं असावं, याचा अभ्यास नाशिकच्या आरोग्य विद्यापीठानं २०२२ च्या सुरुवातीला हाती घेतला. बातम्यांमध्ये त्याला 'मालेगाव मॅजिक' म्हटलं गेलं.

'मॅजिक' हा शब्द ऐकायला छान आहे. पण संशोधकाच्या डोक्यात तेव्हा कोणते प्रश्न असतात? पहिल्या लाटेतच बहुतेकांना संसर्ग होऊन गेला होता का? लोकसंख्या तरुण आहे म्हणून आजार सौम्य राहिला का? लोक तपासणीलाच गेले नाहीत म्हणून आकडा कमी दिसला का? काढ्याचा परिणाम होता का, आणि काढा न घेतलेल्यांचं काय झालं? अभ्यास हाती घेणं म्हणजे काढा सिद्ध होणं नव्हे, आणि काढा खोटा ठरणंही नव्हे. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. कोंबडा आरवल्यामुळे सूर्य उगवत नाही.

हे सांगायला धीर लागतो, कारण ऐकणाऱ्याला 'हो' किंवा 'नाही' हवं असतं. पण आम्हाला वाटतं, 'इतकं आम्हाला कळलंय, एवढं अजून कळायचंय' असं सरळ सांगणाऱ्यावरच लोक शेवटी भरवसा ठेवतात.

त्याच काळातली आणखी एक आठवण. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुस्लिमबहुल भागात लसीकरण कमी आहे म्हणून तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सलमान खानची मदत घेऊ असं सांगितलं. सलमानमुळे लोक थांबून बघतील, हे खरं. पण 'मुझे शुगर है, मैं लूँ क्या?' या प्रश्नाला तो उत्तर देऊ शकत नाही. ते गल्लीतला डॉक्टर देऊ शकतो, आशाताई देऊ शकते, युनानी कॉलेजात शिकणारी शेजारची मुलगी देऊ शकते. उत्तर प्रदेशात पोलिओच्या मोहिमेत हेच घडलं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लिया यांना सोबत घेतलं गेलं, इमामांनी मशिदींतून आवाहन केलं, ओळखीच्या बायका दारोदार गेल्या. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशियाचा विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

कसं सांगायचं? एक नमुना

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. खालचं वाक्य बघा. अहवालात ते असंच लिहिलेलं असतं:

'गोवराचा मूलभूत पुनरुत्पादन अंक १२ ते १८ असून समूह प्रतिकारशक्तीसाठी ९५ टक्के लसीकरण व्याप्ती आवश्यक आहे.'

यात एक अक्षर चुकीचं नाही. पण ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आता हेच असं सांगून बघू:

'खसरा झालेलं एक मूल, आजूबाजूला कुणीच लस घेतलेली नसेल तर, बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतं. ते मूल खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो. चाळीस मुलांचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. अडतीस मुलांचे दोन्ही डोस झालेले असतील तर आजाराला पुढे सरकायला वाट मिळत नाही. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या मधे. नंतर थोडा ताप येऊ शकतो, तो आपोआप उतरतो. जास्त दिवस राहिला तर डॉक्टरांना दाखवा.'

शब्द वाढले, पण आकडे तेच आहेत. फक्त टक्केवारीचा वर्ग झाला आणि 'व्याप्ती'च्या जागी मुलं आली. आईचा खरा प्रश्न, म्हणजे ताप, तोही सुटला नाही.

मालेगावकरांना हे नवीन नाही. मुंबईचा 'शोले' या शहरानं आपल्या बोलीत, आपल्या माणसांना घेऊन पुन्हा बनवला. गोष्ट ओळखीची ठेवली आणि जबान आपली केली. संशोधकानं नेमकं हेच करायचं आहे, फक्त गोष्टीत फेरफार करायची मुभा त्याला नाही.

लिहायला बसण्याआधी संशोधकाने स्वतःला पाच प्रश्न विचारावेत, असं आम्ही सुचवतो.

एक, मी कुणाला सांगतोय? 'जनतेला' हे उत्तर नको. 'कारखान्यात बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला' हे उत्तर हवं.

दोन, त्यानं एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर कोणती? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठानं २००८ मध्ये तीन मिनिटांत प्रबंध सांगण्याची स्पर्धा सुरू केली. तिथे दुष्काळ होता. अंघोळ तीन मिनिटांत उरकावी म्हणून घरोघरी वाळूची घड्याळं दिली होती, त्यावरून ही कल्पना सुचली. मालेगावात पाण्याची टंचाई काय असते हे वेगळं सांगायला नको. बोलण्यातही ती काटकसर जमली पाहिजे.

तीन, हे मला कसं कळलं? किती लोकांना विचारलं, कसं तपासलं, हे दोन वाक्यांत सांगितलंच पाहिजे. नाहीतर संशोधन आणि व्हॉट्सॲपचा फॉरवर्ड यात फरक काय राहिला?

चार, मला काय कळलेलं नाही? हे आपण होऊन सांगा.

पाच, यातून कुणाचं नुकसान होईल का? छोट्या मोहल्ल्यात नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. 'अमुक गल्लीतली तीन मुलांची विधवा, टीबीची पेशंट' एवढं लिहिलं की झालं, सगळ्यांना कळतं. तपशील थोडे झाका, पण माणसाची इज्जत उघडी टाकू नका.

आणि वेळ बघा. मालेगावात यंत्रमागांना सुट्टी शुक्रवारी असते. रविवारी सभा ठेवून 'लोक येत नाहीत' अशी तक्रार करणाऱ्यानं आधी शहराचं कॅलेंडर पाहावं. कारखान्यात जाऊन समजावायचा विचारही सोडा, मागाच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

मुक्त विद्यापीठाची पुस्तकंही जरूर चाळा. शिक्षक समोर नसताना, नोकरी-घर सांभाळून शिकणाऱ्या माणसासाठी ती लिहिलेली असतात. सुरुवातीलाच 'हा भाग वाचल्यावर तुम्हाला काय सांगता येईल' हे लिहिलेलं, मधे स्वतःला तपासायला प्रश्न. लोकांसाठी लिहायला शिकवणारा नमुना नाशिकमध्येच तयार आहे.

केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं २०१८ मध्ये 'अवसर' नावाची योजना सुरू केली. पीएचडी करणाऱ्यांनी आपलं संशोधन सोप्या लेखात मांडायचं, आणि निवडक लेखांना बक्षिसं. म्हणजे सरकारलाही ही उणीव कळलेली आहे.

आपण काय करायचं?

इथवर संशोधकांचं झालं. पण टाळी एका हातानं वाजत नाही.

आपल्या वस्त्यांमध्ये सर्व्हे खूप होतात. फॉर्म भरले जातात, रक्त घेतलं जातं, फोटो काढले जातात. मग ती माणसं परत दिसत नाहीत. २०१९-२० मध्ये एनआरसीच्या धास्तीनं अनेक ठिकाणी लोक सर्व्हेवाल्याला दारात उभं करत नव्हते. ती भीती हवेतून आली नव्हती. ज्याला आपल्याबद्दलची माहिती कुठे जाते हे कधीच कळत नाही, तो कधीतरी दार लावणारच. पण दार लावल्यानं नुकसान आपलंच होतं, कारण मग आपल्याबद्दल इतर लोक अंदाजानं बोलतात.

सच्चर समितीचं उदाहरण घ्या. 'मुसलमानांची मुलं मदरशातच शिकतात' हे वर्षानुवर्षं सर्रास बोललं जायचं. २००६ च्या अहवालानं आकड्यांनिशी दाखवलं की शाळेच्या वयातली जेमतेम तीन-चार टक्के मुलं मदरशात जातात. हा एक आकडा शंभर भाषणांपेक्षा वजनदार ठरला. तो मिळाला कारण कुणीतरी दार उघडून उत्तर दिलं होतं, आणि तो टिकला कारण तो साध्या शब्दांत सांगता येत होता.

म्हणून सर्व्हेला आलेल्या माणसाला चहा पाजा आणि सोबत एक अटही घाला: काम संपल्यावर निष्कर्षाचं एक पान उर्दूत किंवा मराठीत आम्हाला आणून द्यायचं, आणि मोहल्ल्यात बसून अर्धा तास समजावून सांगायचं. शाळेच्या मुख्याध्यापकानं, जमातच्या ट्रस्टींनी, बचत गटाच्या बायकांनी ही अट घालायला काहीच हरकत नाही. ते पान तयार करायला मदत लागली तर आपल्या उर्दू शाळेचे शिक्षक आहेत, युनानीचे विद्यार्थी आहेत, दोन्ही भाषा येणारे पत्रकार आहेत. पान छापण्याआधी ते एखाद्या कामगाराला किंवा त्याच्या बायकोला वाचून दाखवा. ती जिथे अडली, तिथे वाक्य बदला. तिच्यापेक्षा चांगला संपादक मिळणार नाही.

सर सय्यद अहमद खान यांनी १८६४ मध्ये गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली ती याच विचारानं. इंग्रजीतलं ज्ञान उर्दूत आणायचं, म्हणजे लोक त्यावर बोलतील. दोन वर्षांनी आलेल्या त्यांच्या अलीगढ इन्स्टिट्यूट गॅझेटमध्ये इंग्रजी आणि उर्दू मजकूर शेजारी शेजारी छापलेला असायचा. दीडशे वर्षांनंतरही आपल्याला तेच करायचंय. फक्त आता दुसऱ्या बाजूला मराठीही हवी, कारण आपले प्रश्न महापालिकेत आणि मंत्रालयात मराठीतच मांडावे लागतात.

नाशिक ते मालेगाव रस्ता शंभरेक किलोमीटरचा आहे. एसटीनं दोन-अडीच तास लागतात. विद्यापीठातून निघालेलं ज्ञान हे अंतर इतक्या वर्षांत कापू शकत नसेल, तर दोन्ही टोकांच्या माणसांनी उठून थोडं थोडं चालायला हवं. पुढच्या वेळी खसऱ्याची पहिली केस सापडेल, तेव्हा अफवेच्या आधी ते एक पान घराघरात पोहोचलेलं असलं पाहिजे.